नवी आवृत्ती आली, काय बदललं?

२०२४च्या मार्चअखेरीस डेबियन या मुक्त कार्यप्रणालीच्या संग्रहात ‘एक्सझेड-युटिल्स’ या पॅकेजची एक आवृत्ती दाखल झाली. तिचा क्रमांक असा: ५.६.१+रियली५.४.५-१. टाइप करताना कुणाचा तरी हात घसरला असावा, असंच पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल. पण हा क्रमांक पूर्ण विचार करून दिलेला होता. डेबियनचं ‘ॲप्ट’ हे पॅकेज बसवणारं साधन नवी आवृत्ती ओळखतं ती आकड्यावरून. आकडा मोठा असेल तरच ते मशीनवरची जुनी आवृत्ती काढून नवी बसवतं. ज्यांच्याकडे ५.६.१ पोचली आहे त्यांना ५.४.५वर परत आणायचं, तर नुसतं ५.४.५ असं नाव देऊन भागत नाही. म्हणून आकडा ५.६.१च्याही पुढचा दिला, आणि आत खरोखर काय आहे ते ‘रियली’नंतर लिहिलं.

परत फिरायला कारणही तसंच होतं. एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्स मशीनवर असणारं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा घातलेला होता. अँड्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा अभियंता. एसएसएचने लॉगिन करताना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने त्याचा पाठपुरावा केला आणि २९ मार्चला सगळं जाहीर केलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत हा कोड पोचलेला नव्हता, पण त्याआधीच्या शाखांमध्ये तो शिरला होता. तिथून तो मागे घेतला गेला, त्याची नोंद पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये झाली, आणि ती आजही कुणालाही वाचता येते.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरबद्दल बोलताना आपण परवान्यांबद्दल बोलतो, स्वातंत्र्याबद्दल बोलतो, फुकट आणि मुक्त यांतल्या फरकाबद्दल बोलतो. कोणत्या आवृत्तीत काय बदललं याची तारीखवार नोंद ठेवण्याच्या कामाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. मला हे काम कोड लिहिण्याच्या तोडीचं वाटतं. जो माणूस स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर स्वतःच पॅकेज करून लोकांना देतो, त्याच्या बाबतीत तर या कामाचं महत्त्व आणखी वाढतं, कारण त्याला मध्येच थांबवून ‘हे का बदललंस?’ असं विचारणारं कुणी नसतं.

फोनवर ॲप अपडेट करताना ‘बग फिक्सेस अँड परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट्स’ ही ओळ सगळ्यांनीच वाचलेली आहे. ती वाचून कुणालाही काहीही कळत नाही. आपल्या फोनवर काय उतरतंय, कुठली सोय गेली, कुठली परवानगी नव्याने मागितली जाणार, यातलं काहीच तिच्यात नसतं. मुक्तस्रोताच्या जगात ही ओळ लिहिणं लाजिरवाणं मानलं जातं, आणि त्याचं बरंचसं श्रेय तिथल्या पॅकेजिंगच्या शिस्तीला आहे.

ही शिस्त कशी चालते ते थोडं सांगायला हवं. सहसा सॉफ्टवेअर लिहिणारा एक असतो आणि डेबियन, फेडोरा अशा वितरणांसाठी ते पॅकेज करणारा दुसरा. लिहिणाऱ्याला ‘अपस्ट्रीम’ म्हणतात, पॅकेज करणाऱ्याला ‘मेंटेनर’. अपस्ट्रीम आपल्या कोडसोबत आपल्या नोंदी ठेवतो. मेंटेनर तो कोड घेतो, वितरणाच्या नियमांत बसवतो, लागले तर पॅच, म्हणजे छोट्या दुरुस्त्या, लावतो, आणि या सगळ्याची नोंद ‘डेबियन’ नावाच्या फोल्डरमधल्या ‘चेंजलॉग’ नावाच्या फाइलमध्ये करतो. म्हणजे नोंदी दोन. पॅकेज बसवल्यावर दोन्ही आपल्या मशीनवर येतात. ‘यूएसआर’मधल्या ‘शेअर’मधल्या ‘डॉक’मध्ये प्रत्येक पॅकेजचा एक फोल्डर असतो. तिथे अपस्ट्रीमची नोंद ‘चेंजलॉग’ या नावाने असते आणि मेंटेनरची ‘चेंजलॉग डॉट डेबियन’ या नावाने, दोन्ही जीझिपने दाबलेल्या. २०२३च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२मध्ये ६४,४१९ पॅकेजेस होती, आणि आपल्या बदलांचा हिशेब देण्याचं बंधन त्या सगळ्यांना आहे.

मेंटेनरच्या नोंदीचा साचा ठरलेला आहे आणि त्यातली एकेक जागासुद्धा मोजलेली आहे. पहिल्या ओळीत पॅकेजचं नाव, कंसात आवृत्ती, मग ती कुठल्या शाखेसाठी आहे ते, आणि शेवटी निकड. खाली दोन जागा सोडून चांदणीचं चिन्ह आणि बदलाचं वर्णन, बदल असतील तितक्या वेळा. शेवटच्या ओळीत एक जागा सोडून दोन आडव्या रेघा, करणाऱ्याचं नाव, इमेल, आणि इमेलनंतर बरोबर दोन जागा सोडून तारीख-वेळ. भारतात बसून नोंद केली असेल तर वेळेच्या शेवटी +०५३० येतं. कुणाची नोंद पुण्यातून झाली आणि कुणाची बर्लिनमधून, याचा अंदाज त्या चार आकड्यांवरून येतो. वार आणि महिना इंग्रजीतच लिहावे लागतात, पण फाइल यूटीएफ-८मध्ये असावी असाच नियम असल्यामुळे नाव देवनागरीत लिहायला आडकाठी नाही.

साचा इतका काटेकोर असण्याचं कारण म्हणजे ही फाइल माणसांइतकीच यंत्रंही वाचतात. पॅकेज बांधताना त्याची आवृत्ती याच फाइलच्या सर्वांत वरच्या नोंदीतून घेतली जाते, दुसरीकडे कुठे लिहिलेली नसते. नोंदीत ‘क्लोजेस’ आणि पुढे बगचा क्रमांक लिहिला, की पॅकेज संग्रहात दाखल होताच तो बग आपोआप बंद होतो आणि तक्रार करणाऱ्याला तसं कळवलं जातं. निकडीच्या शब्दावर पॅकेज ‘अनस्टेबल’ या शाखेतून ‘टेस्टिंग’ या शाखेत जायला साधारण किती दिवस थांबेल ते ठरतं: ‘लो’ असेल तर १०, ‘मीडियम’ असेल तर ५, ‘हाय’ असेल तर २. शेवटच्या ओळीतल्या तारखेचाही उपयोग होतो. एकाच कोडवरून कुणीही, कुठेही पॅकेज बांधलं तरी ते अक्षरशः सारखंच निघालं पाहिजे, यासाठी डेबियनमध्ये २०१३पासून ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’चं काम चालू आहे. पॅकेजच्या आत ठिकठिकाणी बांधणीची वेळ शिरते आणि दोन प्रतींत फरक पडतो, ही त्यातली एक मोठी अडचण होती. त्यावर उपाय म्हणून घड्याळातली वेळ न घेता चेंजलॉगमधल्या शेवटच्या नोंदीची वेळ घ्यायची असं ठरलं. माणसाने लिहिलेल्या एका ओळीवर पॅकेजचा प्रत्येक बाइट अवलंबून राहतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता लिहिणारा आणि पॅकेज करणारा एकच असेल तर काय होतं ते पाहू. समजा, नागपूरच्या एका मुलीने नोकरी सांभाळून एक छोटं साधन लिहिलं. जुन्या फॉन्टांमध्ये टाइप केलेल्या मराठी फायली युनिकोडमध्ये बदलणारं. अशा फायलींचे ढीग प्रकाशकांकडे, छापखान्यांत, शाळांमध्ये पडून आहेत, तेव्हा साधनाला मागणी आहे. ती स्वतः डेबियन वापरते, म्हणून पॅकेजही तिनेच केलं. तिच्या १.२ या आवृत्तीत एक चूक निघाली: ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ या दोन्हींचं रूपांतर ‘दर्या’ असंच होत होतं. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांचीही तीच गत. तिने चूक सुधारली आणि १.३ काढली.

नोंद काय करायची? ‘रूपांतरणातल्या चुका दुरुस्त केल्या’ असं लिहिलं तर ते खरंच आहे. पण ज्या प्रकाशकाने १.२ने अख्खी कादंबरी बदलून घेतली आहे त्याला त्यावरून काय समजणार? त्याच्या कादंबरीतल्या सगळ्या दऱ्या आता समुद्र झाल्या आहेत आणि त्याला त्याचा पत्ताच नाही. त्याच्यासाठी नोंद अशी हवी: १.२मध्ये अर्ध्या ‘र’चं डोळ्याच्या पापणीसारखं रूप हरवून त्याचा रफार होत होता, ते आता दुरुस्त केलं आहे, १.२ने बदललेल्या फायली मूळ प्रतीवरून पुन्हा बदलून घ्याव्यात. नोंदीत तीन गोष्टी आल्या: काय बिघडलं होतं, कुठल्या आवृत्तीपासून, आणि वाचणाऱ्याने आता काय करायचं. ही नोंद अपस्ट्रीमची. ती फेडोरावाल्यालाही हवी, विंडोजवाल्यालाही हवी.

डेबियनच्या चेंजलॉगमध्ये मात्र १.३-१ या आवृत्तीखाली ‘नवी अपस्ट्रीम आवृत्ती’ असं लिहायचं, आणि डेबियनमध्ये कुणी याच चुकीची तक्रार केलेली असेल तर चूक काय होती ते एका ओळीत सांगून बगचा क्रमांक द्यायचा. चार दिवसांनी लक्षात आलं, की साधनाला लागणारं पायथनचं एक मॉड्यूल पॅकेजच्या यादीत लिहायचंच राहिलं. कोड तोच आहे, पॅकेज तेवढं चुकलं. मग १.३-२ काढायची आणि ही गोष्ट फक्त डेबियनच्या नोंदीत लिहायची. आडव्या रेघेच्या अलीकडचा आकडा सॉफ्टवेअरचा, पलीकडचा पॅकेजिंगचा.

आपणच दोन्ही भूमिकांत असलो, की ही रेघ पुसण्याचा मोह होतो. डेबियनमध्ये तशी सोयही आहे. तिला ‘नेटिव्ह’ पॅकेज म्हणतात. त्यात आडवी रेघ नसते, अपस्ट्रीम आणि डेबियन असा भेदच नसतो, आणि चेंजलॉग एकच असतो. डेबियनचीच म्हणून असलेली साधनं, म्हणजे ‘डीपीकेजी’ किंवा ‘ॲप्ट’, अशीच आहेत आणि त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. पण डेबियनबाहेरही चालणारं सॉफ्टवेअर केवळ सोयीसाठी नेटिव्ह केलं, तर त्या नागपूरच्या मुलीला पायथनच्या मॉड्यूलची एक ओळ दुरुस्त करायलाही १.४ काढावी लागेल. मग फेडोरासाठी तिचं साधन पॅकेज करणारा माणूस १.४ उतरवून घेईल, कोड ताडून पाहील आणि त्यात त्याच्या कामाचं काहीच सापडणार नाही. दुसऱ्याच्या वेळेची किंमत ओळखणाऱ्याने ही रेघ ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही दोन नोंदींची पद्धत डेबियनने शोधून काढलेली नाही. जीएनू प्रकल्पाच्या लेखनविषयक नियमांमध्ये ‘चेंजलॉग’ आणि ‘न्यूज’ अशा दोन वेगळ्या फायली सांगितल्या आहेत. पहिली विकासकांसाठी. कुठल्या फाइलमधलं कुठलं फंक्शन कसं बदललं हे तिच्यात असतं. दुसरी वापरणाऱ्यांसाठी. तिच्यात दिसण्याजोगे बदल तेवढे येतात. आणि नोंद ठेवणं हा फक्त चांगल्या सवयीचा भाग आहे असंही नाही. १९९१च्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत कलमच आहे, की बदललेल्या फायलींवर त्या बदलल्याचं आणि कधी बदलल्याचं ठळकपणे नमूद केलं पाहिजे. २००७च्या तिसऱ्या आवृत्तीतही ती अट आहे. यामागचा विचार मला न्यायाचा वाटतो: दुसऱ्याच्या कामात हात घालायचा पूर्ण अधिकार तुला आहे, पण हात घातलास हे सांग. नाहीतर तुझ्या चुकीचा ठपका मूळ लेखकावर येईल, आणि त्याच्या चुकीचा तुझ्यावर.

दोनच नोंदी असल्या पाहिजेत, असा हट्ट मात्र मी धरणार नाही, कारण एकाच नोंदीत उत्तम काम झाल्याचं उदाहरण समोर आहे. जोई हेस हा डेबियनच्या जुन्या, मोठ्या कामगारांपैकी एक. आज डेबियनची बहुतेक पॅकेजेस ज्या ‘डेबहेल्पर’वर बांधली जातात तो त्याने लिहिला. २०१०मध्ये त्याने ‘गिट-ॲनेक्स’ सुरू केलं. मोठमोठ्या फायलींचा मजकूर गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत, न कोंबता गिटनेच त्यांचा हिशेब ठेवणारं हे साधन आहे, आणि ते हॅस्केलमध्ये लिहिलेलं आहे. स्वतः लिहायचं आणि स्वतःच डेबियनसाठी पॅकेज करायचं, तेव्हा चेंजलॉग एकच, डेबियनच्या साच्यातला. २०१४च्या नोव्हेंबरमध्ये हेस डेबियनमधून बाहेर पडला. त्याच्या कामाचा चेंजलॉग मात्र त्याच साच्यात राहिला. फक्त पहिल्या ओळीत शाखेच्या जागी आता ‘अपस्ट्रीम’ असा शब्द असतो. आवृत्तीचा आकडाही वाचण्यासारखा आहे. १०.२०२४०४३० म्हणजे साठवणीच्या रचनेची १०वी पिढी, आणि पुढे वर्ष, महिना, दिवस. रिलीज कधीचं, ते वेगळं शोधावं लागत नाही.

ती फाइल मी अधूनमधून उघडून वाचतो. नवीन वैशिष्ट्यांच्या नोंदी कुणाच्याही चेंजलॉगमध्ये चांगल्या असतात. लेखकाला त्यांचा अभिमान असतो आणि तो मन लावून लिहितो. माणसाची परीक्षा होते ती बिघाडांच्या नोंदींत. हेसच्या नोंदींमध्ये ‘फिक्स अ रिव्हर्जन’ अशी सुरुवात वारंवार येते. म्हणजे आधी नीट चालणारी गोष्ट आपण मधल्या एका बदलाने बिघडवली होती, ती आता पुन्हा चालू केली. पुष्कळदा ती कुठल्या आवृत्तीत बिघडली तेही लिहिलेलं असतं. वापरणारा आपली आवृत्ती पाहतो आणि त्याला लगेच कळतं, की हे आपल्याला लागू आहे की नाही. ज्याने पॅच पाठवला त्याचे नावानिशी आभार मानलेले असतात. फाइल एक असली तरी प्रत्येक ओळ समोरच्या अनोळखी माणसाला उद्देशून लिहिलेली आहे, म्हणून ती चालते. फायली किती, याला मग फारसं महत्त्व उरत नाही.

उलट उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. नोंदीनंतर नोंद, आणि प्रत्येकीत एकच ओळ: नवी अपस्ट्रीम आवृत्ती. अपस्ट्रीमची फाइल उघडावी तर तिथे गिटच्या कमिटांची, म्हणजे एकेका बदलाच्या नोंदींची, यादी जशीच्या तशी ओतलेली: टायपो दुरुस्त, पुन्हा टायपो दुरुस्त, मर्ज, मर्ज, चाचण्या चालत नाहीत, आता चालतात. यातून वापरणाऱ्याने काय उचलायचं? ऑलिव्हिए लाकान या विकासकाने ‘कीप अ चेंजलॉग’ नावाची जी मार्गदर्शिका लिहिली, तिचा मुख्य रोख याच ओतण्यावर आहे. तिने सुचवलेले मथळे आता पुष्कळ ठिकाणी दिसतात: नवीन भर, बदल, लवकरच जाणार, काढलं, दुरुस्त, सुरक्षा. मला त्यातला ‘लवकरच जाणार’ हा सर्वांत सभ्य वाटतो, कारण तिथे एखादी सोय काढण्याआधी लोकांना तयारीला वेळ दिलेला असतो.

मशीनवरचं पॅकेज आणि चेंजलॉगची नोंद यांतलं नातं गावाकडच्या माणसाला पटकन समजेल. सातबारा आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते दाखवतो. ती त्या नावावर कशी आली, खरेदीने, वारसाने की वाटणीने, ते गाव नमुना सहामधल्या फेरफारात असतं. सातबारावर फेरफाराचा क्रमांक लिहिलेला असतो म्हणून तो शोधून काढता येतो. मशीनवर बसलेल्या पॅकेजचा आवृत्ती-क्रमांक हा असा धागा आहे. तो धरून मागे गेलं, की त्या बदलामागचं कारण हाती लागलं पाहिजे.

कारण हाती लागण्याचं मोल किती, ते डेबियनला २००८मध्ये फार महागात कळलं. ओपनएसएसएल हे वेबपासून लॉगिनपर्यंतच्या गुप्ततेचा पाया असलेलं सॉफ्टवेअर. त्याच्या कोडवर ‘व्हॅलग्राइंड’ हे तपासणीचं साधन चालवलं, की न भरलेली मेमरी वाचली जातेय अशा इशाऱ्यांचा पाऊस पडायचा. त्याची तक्रार आली, बग क्रमांक ३६३५१६. २००६च्या मे महिन्यात डेबियनच्या पॅकेजमध्ये त्यावर उपाय म्हणून कोडच्या काही ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. बाधित ठरलेली पहिली आवृत्ती, ०.९.८सी-१, १७ सप्टेंबर २००६ रोजी अनस्टेबलमध्ये आली. त्या ओळींबरोबर यादृच्छिक आकडे तयार करण्यासाठी लागणारं जवळपास सगळं खाद्यही गेलं. उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८. म्हणजे त्या काळात डेबियन, उबुंटू आणि त्यांच्यावर आधारलेल्या इतर प्रणालींवर बनलेल्या एकेका प्रकारच्या किल्ल्या इतक्याच असू शकत होत्या. एका दुपारात सगळ्या बनवून पाहाव्यात, इतक्या थोड्या. लुचानो बेल्लो याने ते शोधलं आणि १३ मे २००८ला सुरक्षा-सूचना निघाली. जगभरच्या सर्व्हरांवरच्या किल्ल्या फेकून नव्या बनवाव्या लागल्या.

या घटनेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. तिच्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हा बदल चेंजलॉगमध्ये लपवलेला नव्हता. न भरलेला डेटा यादृच्छिक आकड्यांच्या यंत्रणेत मिसळणं बंद केलं, त्यामुळे व्हॅलग्राइंडचे इशारे थांबतील, अशा अर्थाची नोंद बगच्या क्रमांकासह तिथे आहे. केलं काय आणि का केलं, दोन्ही लिहिलेलं होतं. परिणाम काय होईल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ते ठाऊक असण्याची शक्यता होती त्या अपस्ट्रीमच्या लोकांपैकी डेबियनची ती ओळ कुणी वाचली असेल असं दिसत नाही. दोन नोंदी वेगळ्या असण्याची ही किंमत आहे, आणि ती मान्य करायला हवी. जो आपलंच सॉफ्टवेअर पॅकेज करतो त्याच्या डोक्यात दोन्ही बाजू असतात. म्हणून पॅकेजिंगसाठी मूळ कोडमध्ये काही बदलायची वेळ आली, तर त्याने तो बदल अपस्ट्रीमलाच करावा आणि तिथेच नोंदवावा. पॅच फक्त पॅकेजात ठेवून पुढे जाऊ नये. परक्या मेंटेनरला परवानगी मागावी लागते. स्वतःचं सॉफ्टवेअर पॅकेज करणाऱ्याला ती स्वतःकडूनच मिळते, तेव्हा टाळाटाळ करायला सबब नाही.

चेंजलॉगने सगळं कळतं, असा माझा दावा नाही. एक्सझेडच्या बाबतीत चोरदरवाजा उघडणारा भाग रिलीजच्या टारबॉलमधल्या, म्हणजे प्रसिद्ध केलेल्या कोडच्या गठ्ठ्यातल्या, एका बांधणी-फाइलमध्ये होता. गिटमध्ये ती फाइल तशी नव्हतीच. नोंदी वाचून तो सापडला नसता. खोटं बोलायचं ठरवलेल्या माणसाला चेंजलॉगही खोटा लिहिता येतो. पण प्रामाणिक माणसांच्या चुका, विसर आणि घाई यांचं प्रमाण लबाडीपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि त्यांच्यासाठी ही नोंद आहे.

प्रत्यक्ष काम करताना नोंद कधी लिहायची, याला माझं उत्तर ठाम आहे: बदल करतानाच. रिलीजच्या रात्री बसून आठवायला गेलं, की मोठ्या गोष्टी आठवतात आणि कुणाला तरी छळणाऱ्या बारीक गोष्टी सुटतात. डेबियनच्या ‘डीसीएच’ या कमांडने नवी नोंद उघडली, की शाखेच्या जागी ‘अनरिलीज्ड’ असा शब्द येतो. मग प्रत्येक बदलाबरोबर त्याखाली एक ओळ वाढवत जायचं. रिलीजच्या वेळी तीच कमांड रिलीजचा पर्याय देऊन चालवली, की शाखेचं नाव आणि तारीख भरली जाते. ‘कीप अ चेंजलॉग’मध्येही सर्वांत वर ‘अनरिलीज्ड’ असा मथळा ठेवायला सांगितलंय, तो याच कारणासाठी. रिलीजच्या आधीची चाचणी-आवृत्ती द्यायची असेल तर आकड्यात टिल्ड घालायचा. २.०~आरसी१ ही डेबियनच्या गणितात २.०च्या आधी येते, त्यामुळे खरी २.० आली की लोक आपोआप तिच्यावर जातात.

हे सगळं यंत्रावर सोपवायची साधनंही भरपूर आहेत. ‘गिट-बिल्डपॅकेज’ कमिटांवरून डेबियनचा चेंजलॉग तयार करून देतं, आणि एखादा कमिट नोंदीत यायला नको असेल तर तसं कमिटच्या संदेशातच लिहिता येतं. फेडोरात चेंजलॉग ‘स्पेक’ फाइलच्या शेवटी असतो. तारखेआधी वार लिहावा लागतो, आणि वार आणि तारीख जुळत नसतील तर बांधणी करताना इशारा मिळतो. तिथेही आता गिटच्या इतिहासावरून नोंद आपोआप काढण्याची सोय आली आहे. डेबियन आणि फेडोरा दोन्हींसाठी पॅकेज करणाऱ्याच्या तीन नोंदी होतात, तेव्हा मदत घेणं चूक नाही. आकडा, तारीख, वार, बगचा क्रमांक हे यंत्राने भरावं. वाक्य मात्र माणसाने लिहावं. आपण काय केलं हे कमिटमध्ये असतं, पण समोरच्याचं त्यामुळे काय होईल ते त्यात नसतं, आणि जे तिथे नाही ते यंत्र आणणार कुठून?

कोडबाहेरचे बदलही नोंदीत यायला हवेत, याकडे पुष्कळांचं दुर्लक्ष होतं. रेड हॅटने प्रसिद्ध केलेले ‘लोहित’ फॉन्ट लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या कित्येकांनी वापरले आहेत. मराठीसाठीचा त्यातला फॉन्ट डेबियनमध्ये स्वतंत्र पॅकेज म्हणून मिळतो. हे फॉन्ट आधी जीपीएलखाली होते, २०११मध्ये ते ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली आले. अक्षराचं एक वळणही न बदलता फॉन्ट वापरण्याच्या अटी बदलल्या. प्रकाशकासाठी ती बातमी एखाद्या जोडाक्षराच्या दुरुस्तीइतकीच महत्त्वाची असते. जुना पर्याय काढला, सेटिंगची फाइल दुसरीकडे हलवली, किमान पायथन कुठलं लागेल ते बदललं, हेही त्याच पंक्तीतलं. अपग्रेड करणाऱ्याने वाचलंच पाहिजे असं काही असेल, तर डेबियनमध्ये ‘न्यूज डॉट डेबियन’ अशी आणखी एक फाइल असते. मशीनवर ‘ॲप्ट-लिस्टचेंजेस’ बसवलेलं असेल, तर ती बातमी अपग्रेड करतानाच समोर येते. तिचा वापर जपून करावा. दर आठवड्याला घंटा वाजवली, की लोक ऐकायचं सोडून देतात.

अलीकडे डेबियनच्या बांधलेल्या पॅकेजमधून फार जुन्या नोंदी गाळल्या जातात, जागा वाचावी म्हणून. संपूर्ण चेंजलॉग वाचायचा तर ‘ॲप्ट चेंजलॉग’ आणि पुढे पॅकेजचं नाव अशी कमांड द्यायची. मूळ स्रोत-पॅकेजमध्ये मात्र पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी असतात. पॅकेज नव्याने आलं असेल, तर सर्वांत खाली ‘इनिशियल रिलीज’ आणि ते पॅकेज करण्याचा मनोदय जाहीर केलेल्या बगचा क्रमांक दिसतो.

हा सगळा इतिहास सर्वांत जास्त लागतो तो पॅकेजचा मालक बदलताना. नोकरी बदलते, घरात मूल येतं, आजारपण येतं, आवड ओसरते. स्वतःचं सॉफ्टवेअर स्वतः पॅकेज करणारा थांबला, की लेखक आणि मेंटेनर दोघेही एकदम जातात. डेबियनमध्ये असं पॅकेज अनाथ म्हणून जाहीर करायची रीत आहे, आणि दत्तक घेणारा तसा इरादा नोंदवतो. उद्या त्या नागपूरच्या मुलीचं साधन कोल्हापूरच्या कुणी दत्तक घेतलं, तर त्याच्या हाती कोड असेल, पण कोड का तसा आहे हे विचारायला ती असेलच असं नाही. ‘ऱ्य’साठी ती वेगळी तक्ता-फाइल कशासाठी, पायथनचं ते मॉड्यूल यादीत का, १.५ मागे का घेतली, हे त्याला चेंजलॉगमध्ये सापडलं तर तो पहिल्याच आठवड्यात कामाला लागेल. नाही सापडलं, तर फालतू वाटली म्हणून ती तक्ता-फाइल काढून टाकेल, आणि प्रकाशकांच्या दऱ्या पुन्हा समुद्र होतील. सगळं सापडलं तर वरच्या नव्या नोंदीत त्याची पहिली ओळ येईल: नवा मेंटेनर, पुढे दत्तक घेण्याच्या बगचा क्रमांक, आणि खाली त्याचं नाव.